धाकलीची विजेची किटली

चार बाया ओट्यावर मिरच्या निवडायला बसल्या की कुणाच्या तरी भांड्याची गोष्ट निघतेच, आणि एकीतून दुसरी. आमच्या घरातली ती किटली कधीच गंजून गेली, गोष्टी मात्र उरल्या.

धाकटा दीर नंदुरबारला कापसाची सरकी काढायच्या जिनात, वीज करणाऱ्या डायनामोवर. जिन चालू तोवर वीज. तिची एक तार शेजारी आमच्या घरात आली, पण फक्त त्याच्या खोलीत. जिनाचा साहेब जाताना त्याला विजेची किटली देऊन गेला. सासूचा सकाळचा पहिला चहा मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातचा. धाकली जाऊ म्हणाली, "माय, उद्यापासून तुमना चहा मी करसू. ना फुंकणी, ना धूर."

मी फुंकणी जरा जास्तच जोरात फुंकली.

पहिल्याच दिवशी तिनं पातेल्यात टाकतो तसं दूध, साखर, पत्ती सगळं किटलीत टाकलं. दूध उतू गेलं, आत काळं खरपुडं. दीर ओरडला, "यामा फक्त पाणी टाकानं! बुडले तार शे, ती तापस. दूध तिले चिकटीसन जळस."

मी म्हटलं, "घासायला राख देऊ? माझी चूल आहे ना, राख भरपूर."

मग त्यानं तिला शिकवलं. तळाची तार बुडेल इतकं पाणी आधी, बटण मागाहून. हात कोरडे. ओतण्याआधी वायर काढायची. हिनं न्हाऊन ओल्यानंच हात लावला. असा झटका बसला की अंबाडा सुटला, अंग थरथरायला लागलं. सासूनं घाईनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, "माय, औंदा कपाशी पिकी का?"

इतकी वर्षं राबले, मला कुणी हात जोडले नाहीत.

तरी हिवाळाभर सासू तिच्याच दारात बसायची. फक्कड चहा, म्हणायची. माझा कप चुलीपाशी निवायचा.

कापूस संपला, जिन बंद झालं, डायनामो थंड. दुसऱ्या सकाळी मी शेण टाकून आले, तर ती किटली घेऊन सासूपुढे, तोटीतून वाफ. मी चुलीकडे पाहिलं. पालथं घातलेलं माझं पातेलं उताणं, ओलं. चुलीत कपाशीची पऱ्हाटी धुमसत होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूनं घोट घेतला, कप नाकाशी नेला.

"धाकली, इजना चहाले धूरना वास कथाईन उना व?"