लेखराम, मी आणि संपत आलेलं तेल

लेखराम गेल्याची बातमी आली तेव्हा मी पेट्रोल पंपाच्या रांगेत उभा होतो. ट्रकवाल्यांचा संप होणार, उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही, अशी अफवा तिरोड्यात सकाळीच उठली होती. अफवेवर आधी विश्वास ठेवणाऱ्यांत मी नेहमीच असतो, म्हणून गाडीच्या टाकीशिवाय हातात एक प्लास्टिकची कॅनही होती. फोन लेखरामच्या पुतण्याचा. "काकाजी, मोठे बाबूजी गेले." मी काय बोललो ते आठवत नाही. मनात पहिल्यांदा काय आलं ते मात्र पक्कं आठवतं... ही रांग लेखरामला जाऊन सांगितली पाहिजे. इतकी वर्षं जे तो सांगत होता ते भर रस्त्यात येऊन उभं होतं, आणि बघायला तोच नव्हता. रांग सोडून तडक निघावं असं वाटलं, पण गाडीचा काटा तळाला टेकलेला. जगातलं तेल आटत चाललं म्हणून जीवाला घोर लावून घेणाऱ्या माणसाच्या मातीला पोहोचायलाही मला पेट्रोलच लागत होतं. मग उभा राहिलो. डोळे पुसत, कॅन सांभाळत.

लेखराम आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो विज्ञानाचा मास्तर झाला आणि मी तिरोड्यात दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. एका बाकावरून किती वेगवेगळ्या दिशांना जाता येतं, त्याचा हा नमुना. रिटायर झाल्यावर बाकीचे मास्तर शेती बघतात, भजनाला जातात. लेखराम तेलाबद्दल वाचायला लागला. त्याचं म्हणणं असं, की तेल एका दिवसात संपणार नाही; सोपं तेल संपेल. "विहिरीचं पाणी संपत नाई लेका, दोर पुरेनासा होते. दोर वाढवत राहा, वाढवत राहा... मंग एक दिवस दोराची मेहनत पाण्याहून भारी होते." माझं दुकानच पेट्रोलवर चालणारं, त्यामुळे मला हे ऐकून घेणं परवडणारं नव्हतं. मी भांडायला लागलो. तिरोड्याजवळच्या गावी त्याच्या ओसरीवर आमची रोजची बैठक बसायची आणि दर मोसमात मी एक नवं इंधन घेऊन जायचो, जसा बांगड्यावाला नवा माल घेऊन दारोदार फिरतो.

एकदा मी धान नेलं. म्हणजे बातमी नेली, की तांदळाच्या कणीपासून इथेनॉल काढतात आणि ते पेट्रोलमध्ये घालतात. मी छाती फुगवून म्हणालो, "आपला जिल्हा धानाचा! आता अरबस्तान आपणच!" लेखरामने पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "गाडीच्या टाकीत धान टाकशील, मंग ताटात काय टाकशील? डिझेल?" दुसऱ्या वेळी मी नवीकोरी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊनच त्याच्या अंगणात उतरलो. ना आवाज, ना धूर. मला वाटलं, आज हा चीत. तो शांतपणे उठला, मला घराच्या मागे घेऊन गेला आणि हात लांब करून क्षितिजावरची कोळशाच्या वीजकेंद्राची चिमणी दाखवली. "तुझ्या गाडीचा धूर तिथून निघून रायला. लांब आहे म्हणून दिसत नाई, एवढंच." परतताना त्या स्कूटरची बॅटरी वाटेत बसली आणि ती ढकलत मी घरी आलो, हे त्याला मी कधीच सांगितलं नाही. गावाने सांगितलं.

पण तो नुसताच माझे फुगे फोडत बसला असता, तर मीही कधीतरी जायचं सोडलं असतं. एका उन्हाळ्यात त्यानेच मला निरोप धाडला. त्याने शेतातलं जुनं डिझेल इंजिन टोरीच्या तेलावर चालवलं होतं. टोरी म्हणजे मोहाचं बी. आमच्याकडे त्याचं तेल घरोघरी असतं, भाजीलाही आणि भेगाळलेल्या टाचांनाही. भर जेठाच्या उन्हात ते इंजिन धडधडत होतं, पाणी पाटात पडत होतं आणि धानाच्या सगळ्या बांधीभर तळणीचा वास सुटला होता. लेखराम लहान पोरासारखा त्या पाण्यात पाय बुडवून उभा होता. मला म्हणाला, "चालून रायलं, हिवराज... चालून रायलं ना बे!" त्याला हे चालायला हवं होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि मग मी मधे पडलो. एवढी मोठी गोष्ट दोघांतच ठेवायची म्हणजे काय! दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, सगळ्यांसमोर इंजिन चालवायचं मी जाहीर करून टाकलं. लेखराम नको नको म्हणत असताना लाउडस्पीकर लावला, पंचक्रोशीला आमंत्रण दिलं, वर भाषणही ठोकलं, की आता आपल्या जंगलातून तेल वाहील. सकाळची थंडी होती. लेखरामने हँडल फिरवलं. इंजिन खोकलं आणि गप्प. पुन्हा फिरवलं. नळी सोडून बघतो, तर आत तेल गोठून पांढरंफटक तूप! ज्या गावात हिवाळा लागला की बायका टोरीच्या तेलाची शिशी उन्हात नेऊन ठेवतात, टाचेला लावायचं तर आधी तळहातावर चोळून पातळ करतात, त्या गावातले आम्ही दोन शहाणे हिवाळ्यातली तारीख ठरवून बसलो होतो. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, पोळ्या आणू का? वाढा थोडं!" दुसरा म्हणाला, "इंजिनले उन्हात बसवा, ब्लँकेट द्या!" सगळी मंडई हसली. मीही हसलो, कारण हसण्यावारी गेलं की माझं भाषण लोक विसरतील अशी आशा होती. लेखराम हसला नाही. तो नळी साफ करत बसला.

संध्याकाळी मी म्हणालो, "अरे, नळी गरम करायची सोय करू, त्यात काय!" त्याने मान हलवली. "थंडीचं दुःख नाई मले. आपल्या जंगलात मोहाचे झाडं किती अन् इंजिनं किती, हा हिशोब मी आधीच केला होता. नाई पुरत. एका गावाले नाई पुरत." मी विचारलं, मग केलंस कायले? तो हाताचं तेल पुसत म्हणाला, "वाटलं... हिशोब चुकला असंल माझा."

त्यानंतर त्याने प्रयोग केला नाही. वाद मात्र थांबला नाही. त्याला धाप लागायला लागली, घरात ऑक्सिजनची मशीन आली, तिची नळी नाकात घालून तो ओसरीवरच खाटेवर असायचा. शेवटच्या भेटीत मी हायड्रोजन घेऊन गेलो होतो. पाण्यापासून निघतो, जळला की पुन्हा पाणीच. देवकीवहिनी चहा ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, आज काऊन आणला विषय? त्याईले बोलाले दम लागते." लेखराम म्हणाला, "बोलू दे वो त्याले." त्याने पूर्ण ऐकलं. मग, पाण्यातून तो वायू काढायला वीज कुठली वापरणार, एवढंच विचारलं आणि शेजारी गुरगुरणाऱ्या मशीनकडे बोट केलं. "माझा तर श्वासही कोळशावर चालून रायला." हायड्रोजन हा माझ्याकडचा शेवटचा माल होता.

दम घेऊन तोच बोलला, तुटक तुटक. "तुले वाटते मी जिंकाले बसतो इथं... मी हराले बसतो लेका. नात विचारते, आजोबा, मी मोठी झाली का गाडी कायच्यावर चालवू? तिले सांगाले कायीतरी पायजे होतं. इतके वर्षं रस्ता पायला तुझा... पण तू एकही ढंगाचा मुद्दा आणला नाईस." आणि हसला. मला हसू आलं नाही. वादात आयुष्यभर हरणं मी अगदी आनंदाने सोसलं होतं. माझ्या हरण्याने त्याचं काही जात असेल, हे माझ्या दुकानदारी डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

तेरवी होऊन काही आठवडे झाले. मी अजून वाचतो. कुठे शेवाळापासून इंधन, कुठे मिठाची बॅटरी. वाचताना त्याची हरकत मला आधीच ऐकू येते आणि ती दर वेळी बरोबर असते. परवा वहिनींना भेटायला निघालो. त्यांच्या गावाअलीकडे रेल्वेचं फाटक आहे. लेखराम माझ्या मागे बसलेला असला, की फाटक बंद दिसताच खांद्यावरून हात पुढे घालून गाडीची किल्ली फिरवायचा. तेल वाचवायला नव्हे. चालत्या गाडीवर वाऱ्यात धड ऐकू यायचं नाही, इंजिन थांबलं की म्हणायचा, "हं, आता बोल." कितीतरी भांडणं आम्ही त्या फाटकावर केली. परवाही फाटक पडलेलंच होतं. माझा हात आपोआप किल्लीवर गेला, इंजिन थांबलं. आजूबाजूच्या गाड्या घुरघुरत होत्या, समोरून कोळशाची मालगाडी हळूहळू तिरोड्याकडे चालली होती, डब्यामागे डबा... आणि मी बोलायचं म्हणून तोंड उघडून बसलो होतो. फाटक उघडलं. मागच्याने हॉर्न दिला, "ओ काका, सो गये क्या?" मी किक मारली.