दोन बादल्यांचे काका

इंग्लंडातल्या स्लाऊमधला पाऊस माझ्या घरमालक काकांना विचारून पडत नसे, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अन्याय होता. बाकीची माणसं बॉसबद्दल, व्हिसाबद्दल, घराच्या हप्त्यांबद्दल कुरकुरतात. काका फक्त नुकत्याच धुतलेल्या गाडीवर पडणाऱ्या पावसाबद्दल कुरकुरत. गाडी गडद निळी होती. घेतली होती सेकंडहँडच, पण तिच्या अंगावर एकही ओरखडा नव्हता, आणि आपल्या जिवात जीव असेपर्यंत तो येऊ द्यायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला गाड्यांमधलं काही कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कोणी काही समजावून सांगू लागलं की मी अजूनही मान डोलावत ऐकत राहते. काकांनी मला भाडेकरू म्हणून ठेवून घेतलं ते बहुधा याच गुणावर.

नाहीतर पहिल्या भेटीतच मला परत पाठवायला हवं होतं. बसस्टॉपपासून बॅग ओढत आणलेली, हात भरून आलेले, म्हणून बेल वाजवताना ती मी जरा दारातल्या गाडीला टेकवली. दार उघडण्याआधी वरची खिडकी उघडली. “बॅग! पहिले बॅग उचल! चेन आहे ना तिला!” नमस्कार, नाव, गाव हे सगळं नंतर. काका स्लिपर घालून खाली धावत आले, वाकले, गाल पत्र्याजवळ नेला आणि एक डोळा मिटून दारावरून तिरपं पाहत राहिले. “वाचली,” ते म्हणाले. गाडी वाचली की मी, हे मला आजवर कळलेलं नाही. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, “अहो, पोरीला आत तरी घ्या. की तिलाही आधी धुवून घेणार आहात?”

काका मूळचे नागपूरचे. इथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे आणि आठवडाभर इतके गप्प असायचे की घरात आहेत की नाहीत ते त्यांच्या चपलांवरून ओळखावं लागे. रविवारी सकाळी मात्र त्यांना वाचा फुटे. “पाण्याने गाडी खराब होत नाही, साबणाने होत नाही,” ते सांगत. “आपण धूळ घासून राहिलो असतो आणि म्हणतो, स्वच्छ करून राहिलो!” म्हणून आधी नुसतं पाणी मारायचं, धुळीला आपणहून निघून जायची संधी द्यायची. मग दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. हातात मेंढीच्या लोकरीचा मोजा. तो साबणात बुडवायचा, टपावरून एक सरळ हात फिरवायचा, लगेच साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच पुन्हा साबणात. टप आधी, खालचा भाग शेवटी, चाकांचं फडकं वेगळं. गोल हात फिरवायला सक्त मनाई. एकदा शेजारचे इंग्रज आजोबा आपली गाडी स्पंजने गोल गोल पुसत होते, तर काका माझ्या कानाशी येऊन कळवळून म्हणाले, “डोसा घालून राहिला आहे का हा?” मोजा चुकून जमिनीवर पडला तर त्याची नोकरी त्या क्षणी संपे आणि तो काकूंकडे ओटा पुसायला येई. आमच्या ओट्याला मेंढीची लोकर लागत होती, हे मी घरी सांगितलं तर कोणाला खरं वाटलं नाही. आणि उन्हात गाडी धुवायची नाही, कारण साबण वाळून डाग पडतात. ढग कधी येतो म्हणून इंग्लंडमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

माझे बाबा गावाकडे शाळेची बस चालवतात. ते बस जुन्या बनियनने पुसतात, असं मी एकदा सहज बोलून गेले. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “कोरडी?” मी घाबरत हो म्हटलं. “बाबांना फोन लाव.” मी फोनकार्ड काढून नंबर फिरवला आणि काकांनी कार्ड संपेपर्यंत माझ्या बाबांना दोन बादल्यांची पद्धत समजावली. पलीकडून बाबा “हो साहेब, हो साहेब” म्हणत होते. दुसऱ्या दिवशी नवं कार्ड घालून फोन केला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “तिथली माणसं बरी आहेत ना गं?” मी बरी आहेत म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. एका उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि नळीने गाडी धुवायला बंदी आली, तेव्हा याच माणसाने गुलाबाला पाणी घालायची झारी घेऊन साऱ्या गाडीला थेंब थेंब आंघोळ घातली होती. काकू खिडकीतून म्हणाल्या होत्या, “आमच्या गुलाबांचं नशीब नाही असलं.”

काकूंच्या बोलण्यात तिखट असायचं, पण त्यामागे एक दुखणं होतं, ते मला उशिरा समजलं. त्या पुण्यात बालवाडीत शिकवत. इथे आल्यापासून घरीच होत्या. त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकून, एकदा नापास होऊन, लायसन्स मिळवलं होतं. काकांनी पेढे वाटले, इन्शुरन्सवर त्यांचं नाव घातलं, चावी मात्र दिली नाही. त्या शरद ऋतूत शेजारच्या मेडनहेड गावातल्या एका नर्सरीने काकूंना कामावर बोलावलं. मुलं इतक्या सकाळी येत की पहिल्या बसने गेलं तरी उशीरच व्हायचा. काका कामावर चालतच जात, त्यामुळे गाडी दिवसभर दारातच असे. “सोमवारी त्यांना हो की नाही कळवायचं आहे,” भाजी चिरता चिरता काकूंनी मला सांगितलं. काकांना त्यांनी आठवडाभर विचारलं. काका म्हणाले, मेडनहेडचे रस्ते झुडपांचे, दोन्हीकडून फांद्या घासतात. मग म्हणाले, पार्किंगमध्ये लोक दार कसं उघडतात पाहिलंस ना? मग म्हणाले, हिवाळा जाऊ दे.

“मग नाही म्हणून कळवते,” काकू शांतपणे म्हणाल्या. काका बाहेर गेले आणि धुतलेलं चाक पुन्हा धुवू लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि दसराही. दरवर्षी काकू गाडीची पूजा समोरच्या काचेवर करत, कारण काचेला ओरखडा पडत नाही असं काकांचं मत. या वर्षी त्या साडीवर कोट घालून, तबक घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “यंदा स्वस्तिक बॉनेटवर.” काकांना नाही म्हणायचा धीर झाला नाही. त्यांनी कुंकू पातळ फडक्यातून चाळून पाण्यात कालवलं. अक्षता निवडायला मला बसवलं. “अख्खाच तांदूळ घे. तुटक्याला धार असते.” सगळं झाल्यावर चाचरत म्हणाले, “बांगड्या तेवढ्या...”

“काय?” काकूंनी वर पाहिलं.

“मागे सरकव म्हटलं. जरा.”

सणासुदीला हे ऐकून घेणारी बाई देवमाणूसच म्हणायला हवी. काकूंनी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि ओल्या बोटाने स्वस्तिक काढलं. काढता काढता स्वतःशीच म्हणाल्या, “वर्षातून एवढंच माझं बोट हिला लागणार.” काका बुटांकडे बघत उभे होते.

मग नारळ. तो फोडायचा मान काकांचा. ते गाडीपासून चांगले लांब, फुटपाथच्या कडेला गेले. स्लाऊच्या दुकानातला नारळ, कधीचा आलेला कोण जाणे. पहिल्या घावाला नुसता ठणकला. कुंपणावरून बघणाऱ्या शेजारच्या आजोबांनी विचारलं, “हॅमर देऊ का, मेट?” हे नागपूरच्या माणसाला सहन होण्यासारखं नव्हतं. काकांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि सगळी ताकद लावून आपटला. नारळ फुटला. करवंटीचा एक तुकडा मात्र भिरभिरत आला, बॉनेटवर स्वस्तिकाच्या शेजारी आपटला आणि चर्रर आवाज करत खाली घसरला.

आजोबा तेवढे म्हणाले, “वेल, आता कॅरेक्टर आलं तिला.” काका चालत आले. वाकले, गाल पत्र्याजवळ नेला, एक डोळा मिटला. बोटभर लांब, पांढरी रेघ होती. मला रडू यायला लागलं होतं, का ते माहीत नाही. काकू तबक घेऊन जवळ आल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “पॉलिशने जाईल.”

काका उभे राहिले. “मेडनहेडचं झुडूप नव्हतं हे,” ते म्हणाले. “घरचाच नारळ होता.” मग त्यांनी खिशातून चावी काढून तबकात ठेवली, कुंकवाच्या वाटीशेजारी. “चल. नर्सरी कुठे आहे ते पाहून येऊ. खोबरं गाडीतच खाऊ.”

“गाडीत खायचं?” काकूंनी विचारलं.

“सांडू नको म्हणजे झालं.”

पुढच्या वर्षी मला ग्लासगोला नोकरी लागली. मधे एकदा त्यांना भेटायला गेले, तर रविवारी सकाळी काका एकटेच दारात उभे, समोर दोन बादल्या. गाडीचा पत्ता नव्हता. काकू नर्सरीतल्या मैत्रिणीला घेऊन बाजारात गेल्या होत्या. “पाणी दोनदा बदललं,” काका म्हणाले, पण त्यात तक्रार नव्हती. गाडी वळणावर दिसली तेव्हा तिच्या दारांवर चिखलाचे शिंतोडे होते आणि मागच्या काचेवर कोण्या पोराच्या हाताचा चिकट ठसा. काकांचा चेहरा उजळला. “पाहून राहिली ना? किती मळली आहे! इतके दिवस मी धुतलेलीच गाडी धुवून राहिलो होतो.” मग आधी नुसतं पाणी, मग मोजा, सरळ हात. बॉनेटवरची रेघ तशीच होती. पॉलिश लावलेलं नव्हतं. तिथे पोचल्यावर मात्र त्यांनी मोजा काढून ठेवला आणि नुसत्या बोटाने साबण लावला, गोल गोल.

संध्याकाळी काकू मला स्टेशनवर सोडणार होत्या. त्या कोट घालून येईपर्यंत मी बॅग हातात धरून गाडीपासून जरा लांब उभी होते. काकांनी ते पाहिलं. “टेकव ना गाडीला,” ते म्हणाले. “किती वेळ उचलून धरशील?”

मी टेकवली नाही. बॅगेला चेन होती.