पाय दाखवा, अप्पा

आमची सून सुष्मा हट्टी. मी तिचा सासरा, अठ्ठावीस वर्षं म्हैसूर-हुणसूर बस चालवलेला तापट माणूस. पण तिच्यापुढे माझंही काही चालत नाही, म्हणजे बघा.

म्हैसूरच्या दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांच्या पायाच्या जखमा बघणारी ती नर्स. गाड्यांचा धूर वाचावा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागून तिने फेरतपासणी व्हिडिओ कॉलवर आणली. मी म्हटलं, "बस तशीही धावणारच की, नाही का?"

"मामंजी, सुजल्या पायाने बस कोण चढतो? गाडी करून येतात. पाच मिनिटांच्या तपासणीला नव्वद किलोमीटरचा धूर. बरं करणाऱ्यांनीच हवा नासवायची का?"

धूर म्हटल्यावर मला माझी बस आठवली. जन्मभर धूरच सोडला होता ना.

हुणसूरचे मंजुनाथप्पा, तंबाखूचे शेतकरी, तीन सोमवार व्हिडिओवर हसतमुख. "सगळं बरं आहे," म्हणायचे, पण पाय दाखवेनात. दवाखान्यात खाटेवर पाय पसरलेला असतो, ते वेगळं. इथे थेट डॉक्टरांच्या तोंडासमोर पाय उचलायचा. मीही उचलला नसता.

तिसऱ्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, पुढचा रुग्ण घ्या. सुष्माने मात्र कॉल तोडला नाही. आपल्या हट्टापायी या माणसाचा पाय तर जायचा नाही ना?

मग बाईसाहेबांनी काय करावं? चप्पल काढली आणि डॉक्टर शेजारी बसलेले असताना स्वतःचा पाय कॅमेऱ्यासमोर धरला. "अप्पा, हा माझा. आता तुमचा दाखवा."

म्हातारा ओशाळला, हसला, मग हळूच त्याने पाय वर केला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

"आत्ताच्या आत्ता गाडी करा आणि या."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, गाडीचा धूर..."

"धूर गेला खड्ड्यात, अप्पा. निघा."

एक बोट काढावं लागलं. पाय राहिला.

त्या संध्याकाळी सुष्मा स्वयंपाकघरात बसून रडली. माझ्यामुळे दोन आठवडे फुकट गेले, म्हणाली. मला गोड बोलणं जमत नाही. मी उठून कॉफी केली, तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "तो माणूस दोन पायांवर घरी जाणार आहे, तो तुझ्यामुळे. पी आता." खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला.

व्हिडिओ तिने बंद केला नाही. आता प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्याआधी ती फोनसमोर पाय धरायला शिकवते. आणि पहिला पाय ती स्वतःचा उचलते.