शेवटच्या कातरणीची घोंगडी

आमच्या ह्यांनी माग सोडला तेव्हा मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. घोंगडी विणणाऱ्याच्या घरात दिलेली पोर मी. लग्न झाल्यापासून चरख्यावर लोकरीचं सूत काढत आलेली. आणि हे एक दिवस म्हणाले, "आता घोंगडी कोण घेतंय? बाजारात गुळगुळीत ब्लँकेटं ढिगानं पडलीत." गेले तिकडं राहात्याकडं आणि शुगर फॅक्टरीत ऊस मोजायला काट्यावर लागले. मागाचा खड्डा मुरमानं बुजवला, वर शहाबादी फरशी बसवली आणि फरशीवर फ्रीज ठेवला. फ्रीज उघडताना मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडायची. कुणाला, ते विचारू नका.

मोप वर्षांनी नोकरीतून मोकळे होऊन हे खर्ड्याजवळच्या आमच्या गावी परतले, ते टीव्हीसमोर बसायलाच. अशात एका सकाळी दारात टेम्पो थांबला आणि शेजारच्या वाडीवरचे म्हातारे मेंढपाळ उतरले. त्यांना सगळे आबाच म्हणतात. पूर्वी ते ह्यांच्याच हातची घोंगडी पांघरायचे. त्यांनी लोकरीची पोती ओट्यावर टाकली.

"मेंढरं इकली," आबा म्हणाले. "गुडघं चालंनात, पोरं पुन्याला. इकायच्या आदी कातरून घेतली. ही शेवटची."

"मग आबा, करायचं काय हिचं?" ह्यांनी विचारलं.

"झोप न्हाई रं लागत. जल्मभर कळपाला लागून निजलो. आता गादीवर पडलो की नुस्ता आढ्याकडं बगत ऱ्हातो. मेंढराचा वास न्हाई, तर डोळा कसा लागंल? ह्याचं एक घोंगडं विनून दे. वास तेवढा जाऊ दिऊ नगंस."

"हात ऱ्हायला न्हाई आता, आबा." हे असं म्हणेपर्यंत आबा टेम्पोत जाऊन बसलेसुद्धा.

मला काय, आयतंच फावलं! मी त्याच दिवशी फ्रीज रिकामा करायला घेतला. ह्यांनी फरशी उचकटली, मुरूम उपसला, माळ्यावरचा माग खाली काढला. मी लोकर पिंजली, सूत काढलं. माझी बोटं काही विसरली नव्हती, पण ह्यांची विसरली होती. खड्ड्यात पाय सोडून बसले की कमर धरायची. मागाची फणी पुसत बसायचे, पण सुरुवात काही करायचे नाहीत. मी म्हटलं, "माग काय चावतोय व्हय?" तर माझ्यावरच डाफरले. ह्यांना आत कुठंतरी भीती होती. लोकर बिघडली तर दुसरी आणायची कुठून? ती मेंढरंच राहिली नव्हती.

आणि नेमकं तेच झालं. उभं सूत मागावर चढवण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ पाजावी लागते, म्हणजे ते ताठ राहतं, तुटत नाही. हे काम सकाळच्या कोवळ्या उन्हात करायचं असतं. ह्यांचं मात्र आवरता आवरता दुपार झाली, वारं सुटलं. मी म्हटलं, उद्या करा. "मला शिकवती का?" म्हणाले आणि खळीचा कुंचा घेऊन गल्लीत ताणलेल्या सुताकडं गेले. खळ वाऱ्यानं भसकन वाळली. सूत झालं कडक, आणि मागावर आडव्या सुताचा धोटा फेकला की कडाकडा तुटायचं. दिवसभर गाठी मारून मारून शेवटी ह्यांनी धोटा खाली ठेवला. चेहरा असा पडला होता की माझ्या तोंडावर आलेलं "बघा, सांगत होते ना" मी गिळून टाकलं. मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक!

"ऊन पाण्यात सोडा टाकून चोळू," मी म्हटलं. "खळ निघंल, सूत मऊ पडंल."

"वास बी निघंल," हे म्हणाले.

"मग बाजारची लोकर आणा, मिसळा. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

ह्यांनी तुटलेलं सूत मुठीत गोळा केलं. "कळंल का न्हाई ते मला ठावं न्हाई," म्हणाले. "पर मी मिसळनार न्हाई. उरलंय तेवढ्यात बसंल तेवढं विनतो."

एवढी वर्षं काट्यावर लोकांचा ऊस मोजणारा हा माणूस मला त्या घडीला फार मोठा वाटला. मी तोंडावर बोलले नाही, हे डोक्यावर चढून बसले असते.

उरलेल्या सुताला दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खळ पाजली. ह्या खेपेला मी शेजारी उभी होते आणि हे माझं ऐकत होते, हाही चमत्कारच. मग माग सुरू झाला. आधी अडखळत, थांबत, मग एकदम लागला की हो सुराला! कमरेचं दुखणं कुठं गेलं कुणास ठाऊक. जेवायला हाका मारून माझा घसा बसला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मागाचा ठोका ऐकायची आणि उगाचच हसायची. काठ असा सरळ आला होता की हात फिरवत राहावंसं वाटावं. फक्त घोंगडी आखूड झाली, चांगली हातभर.

आबांना निरोप गेला. ते यायच्या दिवशी हे सकाळपासून आत-बाहेर करत होते. आबा ओट्यावर टेकतात न टेकतात तोच ह्यांनी सगळं सांगून टाकलं. दुपारी खळ पाजली, सूत वाया घालवलं, चूक माझीच, दुसरी लोकर मिसळली नाही, म्हणून आखूड.

आबांनी नुसतं "हूं" केलं. घोंगडी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"आखूड म्हन्जे काय?" आबा म्हणाले. "रानात कवा पाय लांब करून निजलोय मी? बगू तर."

आणि तिथंच ओट्यावर, भर दुपारी, पटका उशाला घेऊन, गुडघे पोटाशी घेऊन ते आडवे झाले. घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. "काठ लई ब्येस काढलास बग," आतून आवाज आला. "आन् ह्यात ती काळ्या कानाची मेंढी बी..." पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मी चहा घेऊन आले, तर घोंगडीतून घोरणं ऐकू येत होतं. हे खांबाला टेकून उभे होते, डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसायचंही भान नाही. तेवढ्यात रस्त्यावर आबांना घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. हे तसेच अनवाणी फुफाट्यातून पळत सुटले.

"अरं थांब! वाजवू नगं, आबा निजल्यात!"