मोर भरलेलं कव्हर
तापलेल्या धुळीचा वास आला की ऐंशीच्या दशकातलं आमचं वर्सोव्याचं घर आठवतं. ऑफिसचा कॉम्प्युटर मी घरी आणला होता. सोमवारपर्यंत प्रोग्राम झाला तरच नोकरी पक्की होणार होती. आईनं त्याला टीव्हीच्यासारखंच, पुढून उघडं कव्हर शिवलं, मागे रेशमानं मोर भरला. खाऱ्या हवेच्या धाकानं मी ते काम करतानाही काढत नसे, आणि कॉम्प्युटर सारखा आपोआप बंद पडे. मी मोठ्या ऐटीत वायरी बदलल्या, मग गुपचूप उदबत्तीही ओवाळली. शेवटी आईनं त्याच्या तापलेल्या पाठीला हात लावला. "अरे, जीव कोंडलाय रे त्याचा." मी म्हटलं, "कव्हर काढायचं नाही हं, धूळ बसेल." "मग खिडकी तरी ठेव त्याला," म्हणत तिनं पाठीमागच्या हवेच्या जाळीवर आलेला मोर कात्रीनं कापून काढला. कॉम्प्युटर दिवसभर चालला, नोकरीही पक्की झाली. तो मोर आज माझ्या भिंतीवर आहे, कॉम्प्युटरपासून चांगला चार हात लांब.