तीनशे की तीनशे आठ

दोन महिन्यांसाठी मुलाकडे आयर्लंडात, कासलबारला आलो आणि करोनानं विमानं बंद झाली. रोज कोणीतरी सांगायचं, वय झालंय, घरी बसा. बसलो. पण गप्प बसलो नाही.

शेजारी माझ्याच वयाचा एक शेतकरी. त्याची इंग्रजी मला कळेना, माझी मराठी त्याला. मधे भिंत, दोन मीटर अंतर, आणि दोन्हीकडचं बोलणं पोचवायला सूनबाई.

त्याला मरायच्या आधी एकदा नॉर्वेत जाऊन एल्क मारायचा होता. एल्क म्हणजे सांबराच्या जातीचं, पण बैलाहून उंच जनावर. वाटा उघडल्या की निघणार होता. रायफल मात्र आधी घ्यायची. इथं प्रत्येक बंदुकीचा परवाना वेगळा, म्हणजे निवड चुकली की बोंब. ह्याच्या मनात तीनशे आठ मापाची. पण शिकारी दोस्त म्हणाला होता, तीनशे मॅग्नम घे, नाहीतर घरी बस.

ते 'घरी बस' मलाच लागलं.

"त्याला सांग, तीनशे मोठी," मी सूनबाईला म्हटलं. "सोळा बोअरपेक्षा बारा बोअर मोठी असते. आकडा लहान तेवढी नळी मोठी. बारा बोअर घेऊन भातातली डुकरं हाकलली आहेत मी."

खिडकीतून मुलगा ओरडला, "बाबा, ते छर्‍याच्या बंदुकीचं झालं. रायफलचं माप इंचात असतं. तुम्ही यात पडू नका!"

सूनबाईनं फोनवर पाहिलं. "दोन्हींची गोळी सारख्याच जाडीची आहे, बाबा. पण तीनशेत दारू जास्त, म्हणून धक्का जास्त."

"म्हणजे तीनशे मोठी. बरोबर आलं की नाही?"

"उत्तर बरोबर, रीत चूक."

"मास्तर पण हेच म्हणायचे. म्हणून तर चौथीला शाळा सोडली."

तिनं हे पलीकडे सांगितलं. तो हसून म्हणाला, "ग्रँड." इथं लग्नाला ग्रँड आणि पाठदुखीलाही ग्रँड.

मी म्हटलं, जनावर काय आकड्यानं मरतं? घोडा दाबताना धक्क्याच्या भीतीनं डोळा मिटला, की गोळी पोटात जाते आणि ते दिवसभर रानात तडफडतं. तुझा खांदा काय सोसतो ते बघू. परक्याच्या बंदुकीला हात लावायची इथं मला परवानगी नाही, म्हणून अंगण झाडायचा लांब झाडू आणला. दांड्याच्या टोकाला फडकं गुंडाळलं. त्यानं फावडं रायफलीसारखं खांद्याला लावलं.

"बाबा, लागेल त्यांना!"

"त्याला विचार, चालेल का."

तो म्हणाला, मार.

फावड्याच्या टोकावर पहिला ठोसा जोरात दिला, तीनशेचा. दांडा पोचायच्या आधीच त्याचा डोळा मिटला. पुन्हा दिला, पुन्हा मिटला. चेहरा पडला त्याचा. नॉर्वे हातची गेली असंच त्याला वाटलं असणार. मग मी हात आखडून तीनशे आठचा दिला. डोळा उघडा! आणखी दोनदा दिला, फावडं हललं, पापणी हलली नाही.

त्यानं तिथूनच दोस्ताला फोन लावला. सूनबाई मला सांगत होती. "तीनशे आठ घेतोय म्हणतात. दोस्त म्हणतो, ती बायकांची बंदूक. हे म्हणतात, मग तुझ्या बायकोला पाठव माझ्याबरोबर. ठरलं म्हणाले."

फोन खिशात टाकून त्यानं भिंतीवरून हात पुढे केला. झाडू मागत होता, दुसऱ्या हातानं फावडं देत होता.

"आता तुमची पाळी म्हणतायत, बाबा."

मी छाती पुढे काढून फावडं खांद्याला लावलं. तीनशेचाच मार म्हटलं. त्यानं मारला.

सूनबाई म्हणते, डोळा मिटला. मुलगा खिडकीतून म्हणतो, मिटला. शेजारी तर पोट धरून हसत होता.

इथला वारा फार वाईट, डोळ्यात कचरा जातो. डोळा मिटला नव्हता.