देवीचा फोटो दोन ठिकाणी

मुलीनं मोबाइल घेऊन दिला तेव्हा कितीतरी दिवस मी तो पिठाच्या डब्यामागं ठेवला होता. उघडला की हा परवानग्या मागायचा. आधी माणसांचे नंबर, मग फोटो, मग मी कुठं आहे ते. अरे, तू कोण लागून गेलास? माझी सख्खी जाऊसुद्धा विचारल्याशिवाय माझं कपाट उघडत नाही.

सगळ्यात राग फोटोचा. आपला चेहरा कुणाच्याही खिशात का जावा? चकलांब्याला दिलेल्या धाकट्या बहिणीनं स्वतःचा फोटो लावला होता, तो मी काढायला लावला आणि योगेश्वरीचा पाठवला. गावातल्या बचत गटाच्या ग्रुपवरही मीच हट्टानं तीच देवी लावायला लावली. फार शहाणपण केल्यासारखं वाटलं. चष्मा नसला की मी नावं वाचत नाही, फोटो बघून बोट ठेवते, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

ऊस तोडणीला आला होता आणि माझ्या हाताला छातीत गाठ लागली. दुखत नव्हती. ऊस गेला की बघू, असं ठरवून मी गप्प बसले. पण आंघोळीला बसले की हात तिथंच जायचा. शेवटी एका दुपारी गोठ्यात बसून बहिणीला आवाजातच निरोप पाठवला. गाठ कुठं आहे, केवढी आहे, भीती वाटते, सगळं बोलले. बोलता बोलता रडले.

बहिणीचा फोन यायच्या आधी गटाच्या अध्यक्षबाई धापा टाकत दारात आल्या. "तुझा निरोप गटात पडला गं. म्या पुसला, पर लई जणींनी ऐकलाय."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. त्या मोबाइलला, तो देणाऱ्या मुलीला, तो काढणाऱ्याला मी तोंडाला येईल ते बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराला कडी घातली, माझा हात धरला आणि पदराखाली आपल्या छातीवर ठेवला. एका बाजूला काहीच नव्हतं.

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते. मधे काही महिने त्या दिसल्या नाहीत, तेव्हा माहेरी गेल्यात असं ऐकलं होतं आणि आम्ही ते खरं मानलं होतं.

"म्या बी सुगी व्हायची वाट बघितली," त्या म्हणाल्या. "तू थांबू नगं. सकाळी माजलगावला जाऊ, म्या हाय संगं."

गाठ वाईटच निघाली, पण लहान होती. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढं दवाखान्याच्या फेऱ्यांत गटातल्या बायकांनी आळीपाळीनं माझ्या चुलीवर भाकरी थापल्या. त्या निरोपाबद्दल एकीनंही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यांचे उपकार मी कशानं फेडू? मोबाइलला मी अजून शिव्या देते, पण त्याच्यामुळंच आज इथं बसून लिहिते आहे, हेही खरं.

लिहिण्याआधी बाईंना विचारायला गेले. नाव घातलं नाही तरी गाव ओळखणार, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी सुपातल्या उरलेल्या शेंगा फोडून संपवल्या.

"लिही," मग म्हणाल्या. "कळलं तर कळू दे. एखादी तरी येळंवर जाईल."